मागे मागे जाणारा चोर

१

शनिवारी प्रियदर्शनी साबळे कॉलेजच्या सभागृहात, सगळ्या तिसऱ्या वर्षासमोर आपला प्रकल्प समजावून सांगत होती. आणि नेमकी त्याच वेळी ती दुसरीकडे कुठेतरी बसून धडेही सोडवत होती.

निदान ‘वाटाड्या’चं म्हणणं तसं होतं.

सोमवारी सकाळी लॅब सांभाळणाऱ्या युवराजने ते पडद्यावर दाखवलं, तेव्हा तेजश्री मॅडमनी आधी चष्मा पुसला आणि मग पडदाही पुसून पाहिला. आकडे हलले नाहीत.

“मॅडम, मी रात्रीपासून तीनदा तपासलं,” युवराज म्हणाला. “खातं एक, माणसं दोन. सभागृहातला तिचा प्रकल्प याच खात्यातून चालू होता, आणि त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून धडे. वाटाड्याने स्वतःच लाल खूण केलीय. आणि मला ती वर कळवावी लागली.”

“वर म्हणजे?”

“बापूसाहेबांना.”

तेजश्री मॅडम खुर्चीत बसल्या आणि लगेच उठल्या. वाटाड्या त्यांनीच हट्टाने कॉलेजात आणला होता. ही ऑनलाइन शिकवणी सॉफ्टवेअर शिकणाऱ्या प्रत्येकाच्या चुका बघायची आणि ज्याला जे अडतंय तेच त्याच्यापुढे ठेवायची. वर्गात साठ पोरं असली, तरी साठ जणांच्या साठ वाटा. बारामती-इंदापूरच्या गावांतून येणाऱ्या, वर्गात हात वर करायला लाजणाऱ्या पोरांना त्याचा फार उपयोग झाला होता. आणि सगळ्यांत पुढे गेली होती ती पिंपळीची प्रियदर्शनी. पुण्याच्या एका कंपनीने सहा महिने प्रत्यक्ष काम शिकायला एकच जागा देऊ केली होती. वाटाड्यातल्या प्रगतीवरून एक नाव मंगळवारी सकाळी कळवायचं होतं. पहिलं नाव प्रियदर्शनीचं होतं, दुसरं विकीचं.

संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब ऑफिसात उभेच होते. त्यांनी बसायला सांगितलं नाही.

“पोरगी दुसऱ्याकडून अभ्यास करून घेतीय, असा याचा सरळ अर्थ होतो ना?”

“सरळ होत नाही, साहेब. मी शनिवारी पहिल्या रांगेत होते. ती बोलत होती तेव्हा दुसरं कुणीतरी तिच्या खात्यात होतं, एवढंच दिसतंय.”

“मॅडम, वाटाड्या तुमचा. पोरगीही तुमचीच.” बापूसाहेब थांबले. “म्हणजे तुमच्या विभागातली, म्हणतो मी.”

शेवटचं वाक्य मागाहून टाचून लावलेलं आहे, हे तेजश्री मॅडमना कळलं. त्या आणि प्रियदर्शनी एकाच समाजातल्या होत्या, आणि या कॉलेजात ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. म्हणजे नुसतं ‘मला तिची खात्री आहे’ म्हणून भागणार नव्हतं.

“उद्या सकाळी दहाला मी नाव पाठवणार,” बापूसाहेब म्हणाले. “तोवर दुसरा माणूस आणून दाखवा. नाहीतर विकीचं नाव जाईल, आणि हिला कॉलेजातून काढायचं की नाही तेही उद्याच ठरेल.”

२

प्रियदर्शनीला रडू येत नव्हतं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

“मॅडम, मी पासवर्ड कुणालाच दिला नाही. आईची शपथ घेऊ?”

“शपथ नको. मला आठवून सांग. अलीकडे काही वेगळं जाणवलं?”

तिने ओढणी सोडून बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, “गणपतीनंतर वाटाड्या मला मागचे धडे द्यायला लागला. दुसऱ्या वर्षाचे. मी सगळं बरोबर सोडवायचे, तरी चार दिवसांनी पुन्हा तेच. मला वाटलं, माझा पायाच कच्चा आहे. मला वाटतं मला येतंय, पण या मशीनला कळलंय की येत नाही.” तिने ओढणी पुन्हा बोटाला घट्ट गुंडाळली. “मी पहाटे उठून तेच तेच करत बसले, मॅडम. घरी आई म्हणायची, पोरीला काय झालंय, जेवत नाही.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हीच पहिल्या नंबरवर ठेवलेलं. काय सांगणार?”

विकी बाहेरच उभा होता. उंच, हुशार, आणि तोंडाने फटकळ. प्रियदर्शनी गेली तर जागा त्याची होती, म्हणून साऱ्या कॉलेजने सकाळपासून त्याच्याकडे वळून बघायला सुरुवात केली होती.

“मॅडम, मी शनिवारी स्टेजवरच होतो. तिची चित्रं एकामागून एक मीच पुढे सरकवत होतो. माझे दोन्ही हात अख्ख्या सभागृहाला दिसत होते.”

“दुसऱ्या कुणाला करायला सांगितलं असशील. तिला अडकवायला.”

विकी हसला, पण ते हसणं टिकलं नाही. “अडकवायचं असतं तर तिच्या नावावर चुकीची उत्तरं टाकली असती. हा जो कोण आहे तो मन लावून शिकतोय. मी लॅबमध्ये तिच्या शेजारी बसतो. तिच्या पडद्यावर मागचे धडे यायचे, आणि त्यातले काही आधीच सोडवलेले असायचे. मला वाटलं तीच सोडवते. तिला विचारायला जावं, तर ती कुणाशी बोलतच नाही. तिची ती जोडीदारीण कॉलेज सोडून गेली तेव्हापासून एकटीच असते.” तो दारापर्यंत गेला आणि वळला. “आणि मॅडम, अशी मिळालेली जागा मला नको. घरी काय तोंड दाखवू? उद्या माझ्याबद्दलही हेच बोलतील.”

दुपार व्हायच्या आत प्रियदर्शनीचा भाऊ बुद्धघोष मोटारसायकल दामटत कॉलेजात आला. तो पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि घरूनच काम करायचा. बापूसाहेबांच्या मनात संशयित म्हणून पहिलं नाव त्याचंच होतं. त्याला सगळं येत होतं, तो त्याच घरात राहत होता, आणि शनिवारी कार्यक्रमाला येतो म्हणून आला नव्हता.

“कुठे होतास शनिवारी?” तेजश्री मॅडमनी विचारलं.

“पिंपळीतच. ऑफिसची मीटिंग निघाली. कॅमेऱ्यासमोर अकरा माणसांबरोबर बसलेलो. विचारा कुणालाही.” त्याने हेल्मेट टेबलावर आपटलं. “आमची पोर पहिली आली की लगेच चोरी दिसते, व्हय मॅडम? इतकी वर्षं दुसरीच पोरं पहिली यायची, तेव्हा कुणी खाती तपासली?”

“मी तपासतेय ते तिला वाचवायला.”

तो जरा निवला. खुर्ची ओढून बसला, पडद्यावरच्या नोंदी वर-खाली करून पाहिल्या, आणि त्याच्या कपाळावर वेगळीच आठी पडली.

“मॅडम, मी बहिणीचा अभ्यास केला असता तर तिला पुढे ढकलली असती. हा बघा काय करतोय. तिसऱ्या वर्षाच्या एकाही धड्याला हात लावलेला नाही. हा चोर मागे मागे चाललाय.”

३

बुद्धघोष गेल्यावर तेजश्री मॅडमनी दार लावून घेतलं. त्यांना एका जागी बसवेना. युवराज नोंदी वाचत होता आणि त्या खिडकी ते फळा, फळा ते खिडकी अशा फेऱ्या मारत होत्या. बाहेर इंदापूर रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे चालल्या होत्या आणि प्रत्येक ट्रॉलीगणिक काचा थरथरत होत्या.

“फोन कुणाचा ते कळत नाही?”

“वेगळा फोन आहे, एवढंच कळतं. बाकी त्या कंपनीला विचारायचं तर आठवडा जाईल.”

“मग माणूस ओळखू. फोन राहू दे. वेळा सांग.”

“दुपारच्या. जेवणं झाली की. पण सलग नाही. मधेच सुटतो, उत्तर अर्धं टाकून. मग एकदम दुसऱ्या दिवशी.”

“आवाज?”

युवराजला प्रश्न कळला नाही.

“धड्यात बोलून समजावलेलं असतं ना. ते ऐकतो का?”

त्याने पाहिलं. “नाही. आवाज बंद. नुसतं खाली लिहून येतं ते वाचतो. कायम.” मग तो थांबला. “थांबा. कायम नाही. दिवाळीत आठवडाभर आवाज चालू आहे. सकाळी, संध्याकाळी, तास-तासभर बसलाय. भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी पुन्हा बंद. पुन्हा दुपारचा.”

तेजश्री मॅडम फळ्याजवळ उभ्या राहिल्या. “आणि चुका कसल्या करतो?”

“एकच. रांगेतल्या पहिल्याला कॉम्प्युटर शून्य म्हणतो. आपली पोरं पहिल्या वर्षी एकापासून मोजायला जातात, महिन्याभरात सवय मोडते. याची मोडलीच नाही. दरवेळी एकापासून सुरू करतो, चुकतो, मग सुधारतो.”

“आज दुपारी खातं बंद करू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “उघडं ठेव. आणि प्रियदर्शनीला इथे माझ्यासमोर आणून बसव. फोन टेबलावर.”

जेवणाची सुट्टी संपली. कॉलेजच्या मागच्या झाडांत होले घुमत होते. प्रियदर्शनी समोर बसली होती, दोन्ही हात मांडीवर. तिचा फोन टेबलावर पालथा पडला होता.

आणि पडद्यावर हिरवा ठिपका लागला.

“आला,” युवराज कुजबुजला, जणू आवाज तिकडे पोचेल.

त्या तिघांच्या डोळ्यांदेखत कुणीतरी दुसऱ्या वर्षाचा एक धडा उघडला. एक ओळ लिहिली. खोडली. पुन्हा लिहिली. प्रियदर्शनी पडद्याजवळ सरकली होती, जणू आपल्याच डोळ्यांसमोर कुणीतरी आपले कपडे घालून वावरतंय.

वाटाड्यात शिक्षकांना मधेच सूचना देता यायची. विद्यार्थ्याला फक्त ‘मार्गदर्शक’ एवढंच दिसायचं, नाव नाही. तेजश्री मॅडमनी लिहिलं:

“थांब. तू कोण ते मी विचारत नाही. पण तुझ्यामुळे उद्या सकाळी प्रियदर्शनीचं नाव कापलं जाणार आहे.”

पलीकडचं लिहिणं थांबलं. मग एकच शब्द आला.

“मॅडम?”

आणि हिरवा ठिपका विझला.

४

“याला कसं कळलं की तुम्ही मॅडम आहात?” युवराज म्हणाला. “पडद्यावर तर काहीच दिसत नाही.”

तेजश्री मॅडम प्रियदर्शनीकडे वळल्या. “तू म्हणालीस, पासवर्ड कुणाला दिला नाही. ते खरं आहे. पण मी चुकीचा प्रश्न विचारत होते. तुझं खातं पहिल्यांदा उघडलं कुणी?”

प्रियदर्शनीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “मी तापाने घरी होते. माझ्याकडे फोनही नव्हता तेव्हा. छकुलीने, माझ्या जोडीदारणीने, उघडून दिलं. पासवर्ड तिनेच घातला. पुढे माझ्या फोनवर अंगठा लावला की चालायचं, म्हणून मी कधी बदललाच नाही.” तिने मान वर केली. “पण मॅडम, ती असं करणार नाही. तिला आता काय गरज? तिचं तर लग्न झालंय.”

“कुठे दिलंय तिला?”

“लासुर्ण्याला.”

तेजश्री मॅडमनी स्कूटीची किल्ली उचलली.

लासुर्ण्यापर्यंतच्या रस्त्यावर त्यांच्या मनात दोन विचार एकमेकांना ढकलत होते. नाव घेतलं नाही तर प्रियदर्शनी बुडणार. नाव घेतलं तर सासरी लपून-छपून दुसरीच्या नावाने फोन वापरणाऱ्या सुनेचं काय होईल, याचा नेम नव्हता. उसाच्या ट्रॉलीमागे अडकून त्या हॉर्न वाजवत राहिल्या आणि ट्रॉली पुढे गेल्यावर आपण उगीच वाजवत होतो हे त्यांच्या लक्षात आलं.

घर उसाच्या कडेला, नवं बांधलेलं. ओट्यावर छकुलीच्या सासूबाई, लीलाबाई, तूर पाखडत बसल्या होत्या. डोक्यावर पदर, नजर धारदार.

“कोण पायजे?”

“मी छकुलीची कॉलेजातली मॅडम. इकडून चालले होते, म्हटलं भेटून जावं.”

“कॉलेज सुटून वरीस झालं की तिचं.” लीलाबाईंनी सूप खाली ठेवलं, पण नजर काढली नाही. “बसा. छकुले, पाणी आण गं.”

छकुली पाणी घेऊन आली. दोन वर्षांपूर्वी वर्गात मागच्या बाकावर बसून मोठ्याने हसणारी ती पोरगी तेजश्री मॅडमना पटकन ओळखू आली नाही. तांब्या देताना तिचा हात थरथरला आणि पाणी मॅडमच्या चपलांवर सांडलं.

लीलाबाई दोघींच्या मधोमध बसून होत्या. सरळ काही विचारता येत नव्हतं. मॅडमनी हवापाण्याचं, तोडणीचं, लीलाबाईंच्या गुडघ्याचं विचारलं. मग, सहज आठवल्यासारखं, त्या म्हणाल्या, “तुझी मैत्रीण प्रियदर्शनी आठवते ना? तिच्यावर वाईट वेळ आलीय. चोरीचा आळ आलाय. उद्या तिला कॉलेजातून काढतील बहुतेक.”

छकुलीने पदराने हात पुसले. पुसून झाले तरी ती पुसतच राहिली.

“किती वाजता, मॅडम?”

“दहा.”

लीलाबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग पुन्हा सुनेकडे. मॅडमनी चहा घेतला आणि त्या निघाल्या. स्कूटी चालू करताना मागून लीलाबाईंचा आवाज आला. हळू, पण असा की ऐकणाऱ्याच्या पाठीतून कळ जावी.

“छकुले, आत ये. आन् तो फोन घिऊन ये.”

५

मंगळवारी बापूसाहेबांच्या ऑफिसात प्रियदर्शनी, बुद्धघोष, विकी आणि युवराज भिंतीला टेकून उभे होते. बापूसाहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं.

“सापडला दुसरा माणूस?”

“सापडला,” तेजश्री मॅडम म्हणाल्या. “नाव मी सांगणार नाही.”

“मग सापडला कसा म्हणायचं?”

“नाव सोडून बाकी सगळं सांगते. ऐका.” त्यांना रात्रभर झोप नव्हती आणि आवाज घोगरा झाला होता. “ज्याला प्रियदर्शनीला पुढे काढायचंय तो तिसऱ्या वर्षाचे धडे सोडवेल. ज्याला तिला पाडायचंय तो चुकीची उत्तरं टाकेल. याने दोन्ही केलं नाही. याने दुसऱ्या वर्षाच्या मधला एक धडा धरला आणि तिथून शिकायला लागला. असं कोण करतं? ज्याचं शिक्षण नेमकं तिथे तुटलं, तो. म्हणून बुद्धघोष नाही, विकी नाही, आणि युवराजला तर कुणाचंही खातं उघडता येतं, त्याला लपायची गरज काय?

“आता घर बघा. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे आडवे होतात तेव्हा शिकायचं, आवाज बंद ठेवून, आणि कुणी हाक मारली की अर्ध्यावर टाकून उठायचं. म्हणजे घरात माणसं आहेत, आणि त्यांना कळू द्यायचं नाही. पण दिवाळीत आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, खुशाल आवाज लावून. साहेब, दिवाळीत कुठल्या बाईला मोकळा वेळ असतो?”

बापूसाहेबांच्या भुवया वर गेल्या. “माहेरी आलेल्या लेकीला.”

“तेच. म्हणजे नुकतंच लग्न झालेली मुलगी. शिक्षण दुसऱ्या वर्षात तुटलेली. काल मी निनावी सूचना पाठवली तर तिने ‘मॅडम?’ म्हणून विचारलं, म्हणजे मला ओळखणारी, माझ्याच वर्गातली. आणि प्रियदर्शनीने पासवर्ड कुणाला दिला नाही, कारण तो तिचा नव्हताच. खातं उघडून देताना मैत्रिणीने घातलेला होता. या कॉलेजात हे सगळं लागू पडतं अशी एकच आहे.”

“मग तिला बोलवा.”

“नाही. तिच्या घरी काय होईल ते मला ठाऊक नाही. एकीला वाचवायला दुसरीला बुडवणार नाही मी.”

“मॅडम, गोष्ट छान आहे,” बापूसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. “पण पुरावा नाही.” त्यांनी घड्याळ उचललं, फोनकडे हात नेला.

दाराबाहेर शिपायाचा आवाज चढला. “अहो बाई, आत मीटिंग चाललीय!”

“चालू दे की. आमी पन त्याच्यासाठीच आलोय.”

दार उघडलं. पुढे लीलाबाई, मागे मान खाली घातलेली छकुली. लीलाबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि सरळ बापूसाहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“हितं चोरी झालीय म्हनं. माझ्या सुनंनं केलीय. काय चोरलं ते दावा, म्हंजी परत देते.”

प्रियदर्शनी छकुलीकडे बघत होती आणि छकुली फरशीकडे.

“बसा आधी,” बापूसाहेब म्हणाले.

“बसायला येळ न्हाय. एस्टी हाय परतीची.” पण त्या बसल्या, आणि बसल्यावर त्यांचा आवाज थोडा खाली आला. “चार म्हैने झालं, ही दुपारची फोन घिऊन माजघरात बसती. मला वाटलं, दुसरंच कायतरी हाय. कुनाचातरी नाद लागला पोरीला. दाराआड कान लावून बसायची मी. बोलनं न्हाय, हसनं न्हाय, आवाजच न्हाय. त्यानं तर जास्तच जीव उडाला. हिच्या सासऱ्यास्नी, आबांना सांगावं तर घर पेटायचं, न सांगावं तर मला झोप न्हाय. काल ह्या मॅडम आल्या आन् हिचा हात कापला, तवा म्हनलं, आता सोक्षमोक्ष.” त्यांनी सुनेच्या दंडाला धरून तिला पुढे ओढलं. “रडत रडत सांगितलं तिनं. मला पयलं काय वाटलं सांगू? सुटले बया, असं वाटलं! अभ्यास करत हुती. नुसता अभ्यास.”

बुद्धघोषला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं.

“हे खरं कशावरून?” बापूसाहेब अजून सोडत नव्हते. “मैत्रिणीला वाचवायला कुणीही येईल.”

तेजश्री मॅडमनी छकुलीला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडदा कोरा होता. “काल अर्ध्यावर टाकलंस ते आठवतं? ते पुरं कर.”

छकुलीने हात कीबोर्डवर ठेवले आणि लगेच काढले. मग पुन्हा ठेवले. आदल्या दुपारी खोडलेली ओळ तिने जशीच्या तशी लिहिली. युवराजने वाटाड्यातली नोंद शेजारी उघडली आणि बापूसाहेबांना बोटाने दाखवली. अक्षरन् अक्षर तेच. छकुली पुढे लिहीत गेली. आता तिला खोलीतलं कुणी दिसत नव्हतं. शेवटी तिने बटण दाबलं आणि पडद्यावर लाल चूक उमटली.

“पुन्हा एकापासून!” युवराज ओरडला. “मॅडम, पुन्हा एकापासून मोजलं बघा हिने!”

छकुलीने जीभ चावली आणि एकाच्या जागी शून्य केलं. उत्तर बरोबर आलं.

बापूसाहेबांनी दोन्ही नोंदी एकदा ताडून पाहिल्या. मग फोन उचलला आणि पुण्याला नाव कळवलं. साबळे. प्रियदर्शनी. त्यांनी दोनदा सांगितलं, तिकडे नीट ऐकू गेलं नसावं म्हणून.

फोन ठेवून ते म्हणाले, “पण दुसऱ्याच्या नावाने शिकणं हा गुन्हाच आहे. तो तसाच सोडता येणार नाही.”

“मग हिच्या नावानं शिकवा की,” लीलाबाई म्हणाल्या. “आमी कुठं न्हाय म्हनलं? दुसरीच्या नावानं शिकायला लागू नये येवढं करा.”

६

तेजश्री मॅडमना वाटलं होतं, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतील. तसं झालं नाही.

कॉलेजच्या फाटकाशी प्रियदर्शनीने छकुलीला गाठलं. लीलाबाई रस्त्यापलीकडे एस्टीची वाट बघत उभ्या होत्या.

“मला विचारलं असतंस तर?”

“तू न्हाय म्हणाली असतीस तर?”

“म्हणाले नसते.”

“आता म्हणतीयस.” छकुली खांद्यावरचा पदर सारखा करत होती. “प्रिया, मला वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाय. तुझं तिसरं वर्ष, माझं दुसरं. आपलं कोपऱ्यात बसून करावं. तुझं काय कमी होणार होतं?”

“माझं काय कमी झालं?” प्रियदर्शनीचा आवाज एकदम चढला. “तुझ्या चुका माझ्या नावावर लागत होत्या. मला वाटायचं मीच मठ्ठ आहे. चार महिने मी रोज झोपताना तेच म्हणत होते, मला येत नाही, मला येत नाही, उद्या सगळ्यांना कळणार. काल तर माझ्या भावावरसुद्धा संशय घेतला त्यांनी. आमच्यावर आळ यायला किती वेळ लागतो, तुला माहीत नाही. तुला माहीत असायचं कारणच नाही.”

छकुलीने पदर सोडला आणि प्रियदर्शनीकडे सरळ पाहिलं.

एस्टी आली. लीलाबाईंनी हात केला. छकुली दोन पावलं गेली, परत आली.

“शून्यापासून मोजायचं कसं लक्षात ठेवतीस तू?”

प्रियदर्शनीने तोंड फिरवलं. मग, रस्त्याकडेच बघत, ती म्हणाली, “पहिल्याच्या आधी किती जण आहेत ते मोजायचं. कुणीच नाही. म्हणून शून्य.”

छकुलीने ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हटलं आणि ती गाडीकडे पळाली.

विकीने प्रियदर्शनीचं अभिनंदन केलं. जूनमध्ये छकुलीला दुसऱ्या वर्षाला परत बसता येईल, तोवर तिला स्वतःचं खातं द्यायचं, असं बापूसाहेबांनी मान्य केलं, फक्त घरून हो आलं पाहिजे, अशा अटीवर. तेजश्री मॅडमना मात्र काही सुचेना. दुपारचा तास त्यांनी घेतला, पण काय शिकवलं ते आठवलं नाही. लीलाबाई कितीही धीट असल्या, तरी लासुर्ण्याच्या त्या घरात शेवटचा शब्द सासऱ्यांचा, सर्जेराव आबांचा होता. आणि आबांना अजून काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी त्या स्वयंपाकाला लागल्या, कांदा चिरायला घेतला आणि तसाच ठेवून फोनजवळ येऊन बसल्या. फोन वाजला तेव्हा नंबर अनोळखी होता.

“मॅडम, मी छकुली.” ती कुजबुजत होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता. “आत्यांनी आबांना जेवायला वाढता वाढता सगळं सांगितलं. एकदम सगळंच. मी दारामागं उभी होते.”

“मग? काय म्हणाले?”

“काहीच न्हाय. भाकरी संपवली, हात धुतला. मग मला हाक मारली. मला वाटलं आता संपलं सगळं.” तिने श्वास घेतला. “एकच विचारलं. म्हणाले, पास व्हशील का?”

तेजश्री मॅडम उभ्या राहिल्या. “आणि तू काय सांगितलंस?”

“म्हणले, पयल्यांदा न्हाय व्हनार कदाचित. पण व्हईन.”

“मग?”

“मग काय न्हाय. म्हणाले, बरं. आन् उठून गोठ्यात गेले.” तिकडे गाडीचा आवाज आला, कुणीतरी फाटक उघडलं. “मॅडम, हे ड्युटीवरून आले. ह्यांना अजून सांगायचंय. मी ठेवते.”

फोन बंद झाला. तेजश्री मॅडम तो हातात धरून स्वयंपाकघरात तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी लॅपटॉप उघडला, वाटाड्यात नवं खातं काढलं, आणि नावाच्या जागी छकुलीचं नाव भरायला घेतलं.